शांत स्वभावाचा दाखला

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. माझा आवाज चढला की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा रस्ता बदलतात. वडिलांना मी बाबूजी म्हणते. ते मला लहानपणापासून ‘आगीचा भडका’ म्हणत आले आहेत. घरी पाहुणे आले की माझी ओळखही तशीच करून द्यायचे, ‘‘हे आमची एकुलती एक. चहा हिच्या हातचा घ्या, पर वाद नका घालू.’’ पाहुणे हसायचे, आणि मी चहात साखर विसरायची. मुद्दाम.

अशा या बाईला सत्तेचाळिसाव्या वर्षी सरकारदरबारी सिद्ध करायचं होतं, की आपण शांत स्वभावाच्या आहोत.

कारण होतं बंदूक. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, सालेकशाच्या पुढे, आणि आमच्या शेताचा शेवटचा बांध थेट जंगलाला टेकलेला. धान पोटरीला आलं की रानडुकरं लग्नाच्या पंगतीला यावीत तशी रांगेनं येतात. म्हणून बाबूजींकडे पीकसंरक्षणाचा परवाना आणि एकनळी बंदूक. हवेत एक बार काढायचा, डुकरं पळायची, बाबूजी मिशांवरून हात फिरवत घरी यायचे. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. आमचे पूर्वज माळव्यातून आले तेव्हा त्यांच्याकडे तलवारी होत्या म्हणे. त्या कुठे गेल्या कुणास ठाऊक, आता घरात विळे आहेत. त्यामुळे पूजेच्या पाटावर विळे, भाजी चिरायची पावशी, ट्रॅक्टरची चावी आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली बंदूक.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. बाबूजी तिला जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन जायचे, पावती घेऊन परत यायचे आणि निकाल लागेपर्यंत त्यांना जेवण गोड लागायचं नाही. एका निवडणुकीत तर आठवड्यातून दोनदा ठाण्यात जाऊन बसले. जमादारानं विचारलं, ‘‘काय काम आहे जी?’’ तर म्हणाले, ‘‘काही नाही. धूळ तं नाही बसली ना, पाहाले आलो.’’

मग बाबूजींना पंचाहत्तरावं लागलं आणि परवाना नवा करायची वेळ आली. सरकारी डॉक्टरांकडे डोळे तपासायला मीच घेऊन गेले. बाबूजींनी तक्त्यावरची अक्षरं धडाधड म्हणून दाखवली. डॉक्टर खूश. पण त्यांना कसला संशय आला देव जाणे, त्यांनी तक्ता उलटा टांगला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. बाबूजींनी पुन्हा तीच अक्षरं, त्याच क्रमानं, त्याच जोशात म्हटली. आधीच्या माणसाची ऐकून पाठ केली होती. डॉक्टर हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले, पण प्रमाणपत्र काही त्यांनी दिलं नाही.

गोंदियाच्या कचेरीत परवान्याच्या शाखेतल्या बाबूंनी समजावून सांगितलं. परवानाधारकानं सत्तरी ओलांडली असेल तर तो आपल्या वारसाच्या नावानं परवाना करायची विनंती करू शकतो. मात्र वारस पात्र ठरला पाहिजे. नाही ठरला तर बंदूक ठाण्यात जमा, आणि ती परत यायची नाही. घरी आल्यावर बाबूजी जेवायला बसले तेव्हा एकदम म्हणाले, ‘‘हिच्या नावानं करा.’’

माझी पोळी तव्यावरच करपली. आमच्याकडे वारस दोनच. एक मी आणि फार तर माझे यजमान, म्हणजे बाबूजींचे घरजावई. हे गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचे, स्वभावानं लोणी. दिवाळीत लवंगी फटाका वाजला तरी गोठ्यात जाऊन बसतात आणि म्हशीला धीर देतोय असं सांगतात. त्यांच्या हाती बंदूक देणं म्हणजे डुकरांनाच निमंत्रण. तरीही मला वाटलं होतं, बाबूजी त्यांचंच नाव घेतील. बाबूजींनी मला कधी ट्रॅक्टरची चावी दिली नाही, सोयरिकीच्या बैठकीत बोलू दिलं नाही, का तर मी भडका! आणि आता बंदूक?

‘‘माझ्या नावानं कायले?’’ मी विचारलं.

‘‘दुसरं कोण आहे?’’ ते म्हणाले आणि वरण वाढ म्हणाले.

मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी बाजूच्या चुलीत फुंकर मारत बसले, आणि त्या चुलीत विस्तवच नव्हता. पण ते ‘दुसरं कोण आहे’ मनात कुसासारखं रुतून बसलं. दुसरं कुणी नाही म्हणून मी. माझ्यावर भरवसा आहे म्हणून नव्हे. मला पात्र ठरायचं होतं ते सरकारपेक्षा या म्हाताऱ्याला दाखवायला.

पात्रतेच्या अटी मी सात वेळा वाचल्या. वय एकवीस पूर्ण हवं. माझ्या दोन एकविशा पूर्ण होऊन वर पाच वर्षं झालेली, तेव्हा इथे मी सपाटून पास. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. नव्हती, फक्त इच्छा अनेकदा झाली होती. शरीर आणि मन ठणठणीत असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. ते त्याच डॉक्टरांनी दिलं, आणि तक्ता उलटा टांगून घेतल्यावरच दिलं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण हवं. तेही मी गोंदियाला जाऊन घेतलं. सोबत यजमान आले होते. मी पहिला बार काढला तेव्हा शिकवणाऱ्यांनी ‘वाह, बढिया’ म्हटलं, आणि आमचे हे बाहेर मोटारसायकलच्या आडोशाला कानात बोटं घालून, डोळे मिटून उभे होते. तीन वेळा हाक मारावी लागली.

मग अर्ज भरायला बसलो. अर्जात एक रकाना होता. शांतता राखण्याबद्दल किंवा चांगल्या वर्तणुकीबद्दल तुमच्याकडून कधी बंधपत्र लिहून घेतलं आहे काय?

यजमान म्हणाले, ‘‘लिही, नाही.’’

मी म्हटलं, ‘‘घेतलं आहे ना.’’

आता ते प्रकरण सांगणं भाग आहे. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या मावशीच्या बकऱ्या आमच्या लाखोरीच्या पिकात शिरल्या. एकदा शिरल्या, मी बोलले. दुसऱ्यांदा शिरल्या, मी ओरडले. तिसऱ्यांदा शिरल्या तेव्हा माझ्या हातात पाणी प्यायचा पितळेचा गडवा होता. तो मी मावशीच्या दिशेनं नाही, तिच्या छपराच्या दिशेनं भिरकावला, आणि तीन कवेलू, म्हणजे कौलं, फुटले. प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीकडे गेलं. समितीनं कागद लिहिला, ‘यापुढे मी रागावर ताबा ठेवीन व गावात शांतता राखीन,’ खाली माझी सही घेतली, दोघींना चहा-चिवडा दिला, आणि आम्ही दोघी गप्पा मारत सोबतच घरी आलो.

‘‘अगं, ते गावातलं झालं,’’ यजमान कपाळावर हात मारून म्हणाले. ‘‘हे मॅजिस्ट्रेटसमोरच्या बंधपत्राबद्दल विचारताहेत. तू ‘नाही’च लिही.’’

‘‘अर्जात कुठे लिहिलंय मॅजिस्ट्रेट? शांतता राखीन म्हणून सही केली होती की नाही मी?’’

‘‘केली होती.’’

‘‘मग मला सरकारला खोटं सांगायला लावता?’’ माझा आवाज चढला. गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. मी ठसठशीत अक्षरात ‘होय’ लिहिलं, आणि पुढे जागा होती तिथे गडवा, कवेलू, बकऱ्या, सगळं तपशीलवार घातलं. जागा पुरेना तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं.

गोंदियाच्या शाखेतल्या बाबूंनी तो कागद दोनदा वाचला. मग टेबलापलीकडच्या दुसऱ्या बाबूंना दाखवला. ते म्हणाले, ‘‘मॅडम, यहाँ सब लोग ‘नहीं’ लिखते हैं. जिसके ऊपर चार केस हैं, वो भी ‘नहीं’ लिखता है. ये रकान्यात ‘होय’ मैंने आज पहली बार देखा.’’

‘‘तं मग?’’ मी म्हटलं.

‘‘मग काही नाही. अब इन्क्वायरी बराबर होगी.’’

परतीच्या गाडीत यजमान खिडकीबाहेर बघत बसले. घरी बाबूजींना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, झालं, त्यांच्या मनात आलं असेल की पोरगी शेवटी भडकाच निघाली. त्या दिवशी मी ठरवलं. चौकशी होईपर्यंत मी रागवायचंच नाही.

त्यापुढचे दोन महिने घरच्यांनी चंगळ केली. पहिल्या दिवशी यजमान म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. मी हसून मीठ दिलं. त्यांनी मीठ घेतलं नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चार मित्रांना न सांगता जेवायला आणलं. मी म्हटलं, या, बसा. तिसऱ्या दिवशी तर ओल्या पायांनी सारवलेल्या अंगणातून दोनदा गेले आणि आले, नुसतं बघायला. मी दात आवळून म्हटलं, ‘‘सांभाळून हो, पाय घसरेल.’’ बाबूजी ओसरीवर बसून हे सगळं बघत होते आणि पेपरमागे त्यांचे खांदे हलत होते. मावशीच्या बकऱ्या पुन्हा आमच्या वाडीत शिरल्या. मी त्यांना गोंजारत, ‘चला बाई घरी’ म्हणत पोचवून आले. मावशी घाबरली. संध्याकाळी यजमानांना बाजूला घेऊन तिनं विचारलं, ‘‘पोरीची तब्बेत बरी नाही का? डॉक्टरले दाखवलं का तुम्ही?’’

राग न करण्यानं माणूस किती थकतो, हे मला तेव्हा कळलं. दुपारी मी एकटीच शेतात जायची, चांगलं बांधापर्यंत, आणि सागाच्या झाडांना मनसोक्त शिव्या देऊन यायची. एकदा रेल्वेलाइनवर काम करणाऱ्या दोन गँगमनांनी ते ऐकलं. त्यांना वाटलं त्यांनाच बोलते आहे. तिथून त्यांनी मला नमस्कार केला.

शेवटी एका सकाळी जमादार चौकशीला आले. माझ्याकडे न येता आधी गावात फिरले, पानठेल्यावर, चक्कीवर, पोलीस पाटलांकडे. सगळं आमच्या घरासमोरच्याच रस्त्यावर, म्हणून मी खिडकीच्या फटीतून बघत होते. जमादार विचारायचे, ‘‘बाई कशा आहेत? रागीट?’’ माणूस आधी आमच्या घराकडे बघायचा, मग मोठ्यानं, अगदी मला ऐकू यावं असं म्हणायचा, ‘‘नाही जी! बहुत शांत!’’ चक्कीवाला म्हणाला, गायच आहे. पानठेलेवाला म्हणाला, त्यानं माझा आवाजच कधी ऐकला नाही. सातव्या माणसानंही घराकडे बघूनच उत्तर दिलं तेव्हा जमादार थांबले, त्यांनी स्वतः वळून आमच्या खिडकीकडे बघितलं, आणि मी फट बंद केली.

मग ते मावशीकडे गेले. ‘‘तुमचे कवेलू फोडले का यांनी?’’

मावशीला खोटं बोलता येत नाही. आमच्याकडे कुणालाच फारसं येत नाही, त्या दिवशी गावानं केलेला प्रयत्न तुम्ही पाहिलाच. ‘‘फोडले ना जी,’’ मावशी म्हणाली. ‘‘तीन फोडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन आली अन् स्वतः चढून चार बसवून गेली. एक आधीचाच फुटका होता. बसवता बसवता मले शिव्या देऊन राहिली होती आणि मी खालून कवेलू देऊन राहिली होती.’’

‘‘म्हणजे राग येतो?’’

‘‘मंग? न येईन कायले? बकऱ्या माझ्या, लाखोरी तिची.’’

जमादारांनी सगळं लिहून घेतलं. माझ्याकडे येऊन चहा प्यायले आणि गेले. पंधरा दिवसांनी पत्र आलं, अर्जदारानं विद्यमान परवानाधारकासह गोंदियाला समक्ष हजर व्हावं. मी लगेच प्रश्नांची उत्तरं पाठ करायला बसले. बाबूजींनी मात्र धुतलेलं धोतर काढलं, टोपीला इस्त्री करून घेतली. दरेकशाकडून येणाऱ्या पॅसेंजरनं आम्ही तिघं निघालो. बाबूजी गाडीभर खुशीत होते, समोरच्या मोहफुलांच्या टोपलीवाल्या बाईला सांगत होते, ‘‘पोरीच्या नावानं बंदूक करून राहिलो.’’ ती बाई माझ्याकडे बघून थोडी सरकून बसली.

परवाना देणाऱ्या साहेबांचं दालन गार होतं. समोर माझा अर्ज, त्यावर तांबड्या पेनानं गोल केलेलं ते ‘होय’, आणि जमादारांचा अहवाल. साहेब वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी अहवाल वाचला, ओठ दाबले. मला कळलं, ते हसू दाबत आहेत. मला राग येऊ लागला, मी तो गिळला.

‘‘अख्खं गाव सांगतं तुम्ही गाय आहात,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तुम्ही स्वतः लिहून देता की गडवा फेकला. मी कुणावर विश्वास ठेवू?’’

‘‘माझ्यावर,’’ मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. ‘‘बरं. शस्त्र घरात कुठे ठेवणार? किल्ली कुणाकडे असेल?’’

याचं उत्तर मी पाठ केलं होतं. लोखंडी कपाट, कुलूपबंद, किल्ली फक्त माझ्याजवळ. मी तोंड उघडणार तोच बाबूजी म्हणाले, ‘‘किल्ली कॅलेंडरच्या मागं राह्यते साहेब. देवाजवळच्या खिळ्याले.’’

मी वळून बाबूजींकडे बघितलं. कारण ही जागा बाबूजींखेरीज जगात फक्त मला माहीत आहे, आणि तेही बाबूजींना ठाऊक नाही, असं मला वाटत होतं. नऊ वर्षांची होते मी. दाराआडून बघितलं होतं, बाबूजी कपाट बंद करतात आणि किल्ली कॅलेंडरमागे अडकवतात. हे मी कुणाला, यजमानांनासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं.

‘‘हिले मालूम आहे,’’ बाबूजी म्हणाले. ‘‘नऊ वर्षाची होती तेव्हापासून. मी अडकवून राहिलो होतो, हे दाराआडून पाहून राहिली होती. कवाडाखालून हिचे पाय दिसत होते.’’

‘‘मग तुम्ही जागा बदलली नाही?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘बदलणारच होतो. म्हटलं, दोन-चार दिवस पाहू. त्याच हप्त्यात हिचं मायशी भांडण झालं. ताट फेकलं, दोन दिवस जेवली नाही, घर सोडून जातो म्हणे. मी रोज जाऊन पाहून राहिलो. किल्ली जिथल्या तिथं. मंग पुढंही पाहात गेलो. लग्नाच्या वेळी केवढी भांडली माझ्याशी! मले म्हणे, तुमचं तोंड पाहणार नाही. किल्लीले हात नाही. गडवा फेकला त्या दिवशीही घरी येऊन मी आधी किल्ली पाहिली.’’ बाबूजी थांबले, टोपी नीट केली. ‘‘कॅलेंडर दर वर्षी बदललं साहेब. किल्ली नाही बदलली.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘बाबूजी, शस्त्राच्या किल्लीबद्दल तुम्ही आत्ता जे बोललात ते नियमात बसत नाही. ते मी ऐकलेलं नाही.’’

‘‘नका ऐकू. पर हिचा राग मी अडतीस वर्षं मोजून राहिलो. त्याच्यासाठी हिच्या नावानं करा म्हटलं.’’

आणि मग मला राग आला. दोन महिन्यांचा साठलेला, त्याच्यासोबत अडतीस वर्षांचा. मी खुर्ची सरकवून उभीच राहिले. ‘‘अडतीस वर्षं! मंग बोलले काऊन नाही? अख्ख्या गावाले भडका भडका सांगत फिरले, हे एक नाही सांगता आलं? ‘दुसरं कोण आहे’ म्हणता? ट्रॅक्टरची चावी देत नव्हते मले, आणि बंदुकीची खिळ्याले लावून ठेवली? काऊन नाही बोलले?’’ माझा आवाज दालनाबाहेर गेला. दोन बाबू दारात येऊन उभे राहिले. यजमानांनी सवयीनं कानांवर हात ठेवले. मी ओरडत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

साहेब माझ्याकडे बघत होते. बाबूजींनी माझं मनगट धरलं, हळूच खाली बसवलं आणि साहेबांकडे वळून म्हणाले, ‘‘पाहा साहेब. एवढंच करते हे. पाच मिनिटं द्या, मंग सही कुठं करायची ते सांगा तिले.’’